घागकाका गप्प बसले तेव्हा

घागकाका बोलत नसत, ओरडत. ठाण्याजवळच्या दिवा गावातल्या आमच्या सहा मजली इमारतीत मी भाड्याने राहायला गेले, त्या पहिल्याच सकाळी समोरच्या दारातून आवाज आला, "ओ बाई! नळ सोडून कुठे गेलात? बादली वाहतेय तुमची!" मी धावत जाऊन नळ बंद केला. शिक्षिकेची नोकरी करणाऱ्या मला असं कुणी झापलं नव्हतं. अर्ध्या तासाने पाणी गेलं, आणि त्यानंतर थोड्या वेळाने घागकाकू भरलेली कळशी घेऊन दारात उभ्या. "ह्यांनी पाठवलीये. तुमच्याकडे अजून पिंप नसेल म्हणाले."

वसंत घाग डोंबिवलीच्या एका कारखान्यात फिटर होते. निवृत्त होऊन काही वर्षं झालेली, गुडघे गेलेले, आवाज मात्र शाबूत. टँकरवाल्यावर ओरडत, जिन्यात खेळणाऱ्या पोरांवर ओरडत, पंप उशिरा लावणाऱ्या वॉचमनवर ओरडत. कुणी म्हणालंच, "काका, किती चिडता?" तर ठरलेलं उत्तर, "मी चिडत नाही. मी आठवण करून देतो." सुलभाकाकू मागे उभं राहून हाताने खूण करायच्या, मनावर घेऊ नका.

त्यांची मुलगी मानसी जपानमध्ये, काकेगावा नावाच्या एका लहान शहरात, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत नोकरीला होती. तिने आईवडिलांना आठवडाभर बोलावून घेतलं. "काकेगावा म्हणजे काकांचंच गाव," म्हणून इमारतीतले सगळे हसले. काका जाताना माझ्या हातात घराची किल्ली देऊन म्हणाले, "पाणी आलं की आमचंही भरा. आणि झाकण लावा, डास होतात."

तिथे काय झालं ते काकूंनी मला परत आल्यावर सांगितलं. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो.

"चहाचं गाव गं ते. टेकड्याच्या टेकड्या चहाच्या. आणि शेतात उंच खांबांवर पंखे! मी म्हटलं, झाडांना उकडतं की काय? तर ते थंडीसाठी. दव गोठून कोवळी पानं जळू नयेत म्हणून वरची उबदार हवा खाली ढकलतात. हे तर खांबाखालीच उभे, मान वर करून. फिटर ना शेवटी."

एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने त्यांना घरी बसवून चहा दिला. काकूंना तो गवताच्या पाण्यासारखा लागला, पण काका तीन वाट्या प्यायले. म्हाताऱ्याची मुलं शहरात गेलेली, त्याच्यानंतर शेत करायला कुणी नाही. मानसीने हे मराठीत सांगितलं तेव्हा काका म्हणाले, "आमच्या जिन्यातली चार पोरं पाठवू का?" तो खूप हसला. पण एवढं बोलणं सोडलं तर काका गप्पच होते. दिवसभर गप्प, दुसऱ्या दिवशीही गप्प. काकू घाबरल्या. मानसीला म्हणाल्या, ह्यांना डॉक्टरकडे नेऊ या.

"मग मीच विचारलं, काय होतंय? तर म्हणाले, सुलू, इथे ओरडायला काही सापडतच नाहीये."

निघायच्या दिवशी सकाळी काकूंना स्वयंपाकघरातून आवाज आला. काका नळ उघडत होते, बंद करत होते, पुन्हा उघडत होते. काकू जवळ गेल्या तर ते रडत होते. ओट्यावर मूठ आपटून म्हणाले, "आपलं सगळं आयुष्य हंडे भरण्यात घालवलं गं आपल्या तिकडच्या लोकांनी. मी असा नव्हतो. तुला आठवतंय ना, मी असा नव्हतो?"

"मला आठवत होतं," काकू म्हणाल्या. मग त्यांनी मेथीची पुढची जुडी सोडायला घेतली.

परत आल्यावर काका पोरांवर, वॉचमनवर, माझ्यावर ओरडेनासे झाले. ते जमिनीखालची टाकी बघायला लागले. महानगरपालिकेचं पाणी आधी त्या टाकीत येतं आणि तिथून पंपाने गच्चीवर चढतं. फिटरच्या डोळ्याला एक जादा पाइप दिसला. तो गेला होता तळमजल्यावरच्या गाड्या धुण्याच्या दुकानात. दुकान सोसायटीच्या सेक्रेटरीचं, म्हणजे महाले यांचं. आम्ही पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट बघायचो आणि आमच्याच पाण्याने रोज लोकांच्या गाड्या चकचकीत व्हायच्या.

काकांनी सोसायटीच्या सभेत हे सगळ्यांसमोर सांगितलं. महाले हसून म्हणाले, "काका, जपान फिरून आलात, आता इथे बुलेट ट्रेन पण मागाल." लोक हसले! ज्यांच्या घरी त्या दिवशी आंघोळीला पाणी नव्हतं, ते हसले. पाइप काढा म्हणून हात वर केले काकांनी, भाडेकरू असूनही मी आणि तिसऱ्या मजल्यावरच्या एका नर्सने. बाकीच्यांना महालेंशी वाकडं नको होतं. आज लिहितानाही त्या हसण्याने माझं डोकं फिरतं.

मे महिन्यात लिफ्ट बंद पडली आणि गच्चीवर पाणी चढेनासं होऊन आमच्या चौथ्या मजल्यावरचे नळ कोरडे पडले. काका खालून टँकरचं पाणी आणत होते. मी आणि काकू किती ओरडलो, आम्ही आणतो म्हणून. ऐकलं नाही. एका दुपारी कळशी घेऊन चढताना ते तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये बसले. पुन्हा उठले नाहीत. कळशी त्यांनी नीट टेकवून ठेवली होती, थेंब सांडला नव्हता.

शोकसभा गच्चीवर झाली. पहिले बोलायला उभे राहिले महालेच. "घागकाका म्हणजे अत्यंत शांत, समाधानी व्यक्तिमत्त्व. त्यांची कधी कुणाविषयी तक्रार नव्हती..."

"खाली बसा." आवाज कुणाचा ते आधी कळलंच नाही. काकू उभ्या होत्या. "माझा नवरा तक्रार करून करून मेला. तुम्ही सगळे ऐकत होतात. फुलं नकोत मला, भाषणं नकोत. तो पाइप काढायला जे येणार असतील त्यांनी आत्ता माझ्याबरोबर खाली चला. बाकीच्यांनी माझ्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नका."

त्या जिना उतरायला लागल्या. मी आणि नर्स मागोमाग निघालो. मग खुर्च्या सरकल्याचे आवाज आले, आधी एक, मग पुष्कळ. महाले "रीतसर अर्ज करा, रीतसर अर्ज करा" करत राहिले. पाइप त्याच संध्याकाळी निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथ्या मजल्यावर पाणी आलं. मी आनंदाने काकूंचं दार वाजवलं. आणखी तिघं-चौघं आधीच येऊन उभे होते, कुणाच्या हातात पेढे होते. काकूंनी दार उघडलं, पेढ्यांकडे पाहिलं.

"इतकं सोपं होतं ना?" त्या म्हणाल्या. "मग काल कशाला? ते जिवंत असताना का नाही उठलात?"

काकूंनी दार आमच्या तोंडावर लावून घेतलं.