माळावर सावली लावण्याचा उद्योग

सोलापुरात उन्हाळे काढलेल्या माणसाला सावली वाईट असू शकते, हे पटवायला मोठा हुशार माणूस लागत असेल असं मला वाटायचं. पुण्याहून आलेल्या एका अभ्यासकांनी मला ते एका कप चहात सांगून टाकलं. तेव्हापासून माझ्या डोक्यात जो गोंधळ सुरू झाला, तो अजून पुरता निवळलेला नाही.

मी एका लहानशा संस्थेच्या वनीकरण कार्यक्रमाची प्रमुख. मोहोळ आणि वैरागच्या मधल्या एका गावच्या गायरानावर काळविटांसाठी आणि माळावरच्या पक्ष्यांसाठी रान उभं करायचं, असा आमचा कार्यक्रम. कागदोपत्री ती जमीन ‘पडीक’ होती, आणि मीही पहिल्यांदा गेले तेव्हा मला तशीच दिसली. मुरूम, गुडघाभर पिवळं कुसळीचं गवत, वर रणरणतं ऊन. लांबवर काळविटांचा कळप उभा होता. माझ्या मनात आलं, बिचारी दुपारी बसत तरी कुठं असतील! झालं, कार्यक्रम ठरला. कडुनिंब, करंज, शिसू, सुबाभूळ, जे मिळेल ते लावायचं.

आपल्याकडच्या वृक्षारोपणांचं पुढं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे. फोटो निघतो, पाहुणे जेवून जातात आणि पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप येतं. आमचंही तसंच झालं असतं तर तो माळ आज सुखरूप असता. पण आमच्याकडे मावशी होत्या.

मावशी म्हणजे कामावरच्या बायकांच्या मुकादम. साठीच्या, सडसडीत आणि तोंडानं फटकळ. प्रत्येक रोपाशेजारी एक मडकं पुरलेलं, त्याच्या बुडाला भोक आणि भोकात चिंधीची वात, म्हणजे पाणी झिरपत थेट मुळाशी जातं. ती मडकी भरायला बायका खालच्या टाकीवरून डोक्यावर घागरी आणायच्या, तेही भर मे महिन्यात. एखादं मडकं कोरडं सापडलं तर मावशी त्या बाईचा असा उद्धार करायच्या की मीच चार पावलं मागं सरायची. त्यांच्या राज्यात रोपाला मरायची मुभाच नव्हती. त्यामुळं आमची झाडं जगली, नुसती जगली नाहीत तर चांगली माजली.

काही वर्षांत तिथं गर्द राई झाली. लग्न ठरलेली जोडपी फोटो काढायला यायला लागली. मला शाली मिळाल्या, नारळ मिळाले, भाषणांची बोलावणी आली. नव्हती ती फक्त काळविटं. ती शेजारच्या ज्वारीत घुसत होती आणि शेतकरी मला फोनवर शिव्या देत होते. जनावरं बुजरी असतात, जरा सवय होऊ द्या, असं मी त्यांना समजावत होते आणि स्वतःलाही.

मग ते पुण्याचे अभ्यासक आले. करंजाखाली बसून चहाचा घोट घेत म्हणाले, “बाग छान आहे. प्राणी कुठायत?”

मग त्यांनी शांतपणे सांगितलं. काळवीट जगतं ते डोळ्यांवर आणि पायांवर. त्याला लांबचा लांडगा दिसायला हवा आणि धावायला मोकळं रान हवं. माळावरचे पक्षी उघड्यावर, जमिनीवरच अंडी घालतात. झाडं आली की अंडी टिपणारे कावळे आयते वर येऊन बसतात, आणि सावलीत गवतही मरतं. “तुम्ही त्यांच्या अंगणात भिंती बांधल्यात,” ते म्हणाले. “काढून टाका.”

मला राग आला. आयुष्यभर ‘झाडे लावा’ म्हणत आलेल्या बाईला हे ‘झाडं तोडा’ म्हणून सांगणार! घरी येऊन वाचायला बसले, ओळखीच्या चार जणांना फोन केले. दोघं म्हणाले, ते बरोबर आहेत. तिसरे म्हणाले, मुळीच तोडू नका. माढ्याकडं आमच्यासारखंच काम करणारी एक मैत्रीण म्हणाली, “तोडायचीच असतील तर गुपचूप तोड, पेपरात येऊ देऊ नकोस.” सकाळी मला त्या अभ्यासकांचं पटायचं, संध्याकाळी माझं. बसची वाट बघत कडुनिंबाखाली उभी राहिले तरी अपराध्यासारखं वाटायचं. इतकी वर्षं मी नेमकं काय केलं, हेच कळेनासं झालं होतं.

आणि या सगळ्यापेक्षा मोठी भीती म्हणजे मावशींना सांगायचं कसं? ज्या बाईनं डोक्यावरून पाणी वाहून एकेक झाड जगवलं, तिला कुठल्या तोंडानं सांगू की ते तोड? दोनदा मी सांगायचं ठरवून माळावर गेले आणि मडक्यांवर बोलून परत आले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा मावशी एका आळ्यातलं तण काढत होत्या.

“मावशी, ही झाडं बहुतेक तोडावी लागतील.”

त्यांचा हात थांबला नाही. “कोन म्हनतंय?”

“पुण्याचे ते साहेब.”

“आन् तुमी?”

एरवी माझ्याकडे कशालाही उत्तर तयार असतं. “मला माहीत नाही, मावशी. खरंच काही कळत नाहीये.”

मावशींनी खुरपं खाली ठेवलं. आता रडतील किंवा माझा उद्धार करतील, अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी दोन्हीतलं काहीच केलं नाही.

“दुसऱ्या सालीच हरनं गेली की,” त्या म्हणाल्या. “झाडं ल्हान व्हती तवा ह्या वळीत पाखरं भुईवर अंडी घालायची. आमी पाय जपून टाकायचो. झाडं वर आली, कावळं बसाया लागलं, मग पाखरं बी गेली.”

“मग तेव्हाच बोलला का नाहीत?” मी ओरडलेच.

“सभंत तुमी तासभर बोलला, मॅडम. तुमाला समदं म्हाईत व्हतं. आमी काय सांगायचं? आज ‘कळत न्हाई’ म्हनला तसं त्या दिशी म्हनला आसता, तर तवाच सांगितलं आसतं.”

झाडं लावण्याआधीची गावातली ती सभा मला चांगली आठवत होती. माझं भाषण झाल्यावर कुणीच काही विचारलं नाही, म्हणून मी खूश होऊन घरी गेले होते. मला मान वर करवेना. “मग इतकी वर्षं पाणी कशाला घातलंत?”

“रोप तान्हेलं आसलं तर पानी घालाया नगं व्हय?”

मला लाज वाटली आणि रडूही आलं. मावशींनी मला रडू दिलं. मग त्या उठल्या, शेजारच्या शिसूच्या खोडावरून एकदा हात फिरवला आणि म्हणाल्या, “भायेरची मानसं आनू नगा. आमीच तोडू. पयली ती वरची बाजू. पाखरं आली तर फुडचं बगू.”

“आणि नाही आली तर?”

“तवा बी इचारा,” मावशी म्हणाल्या.