टीव्हीतलं गाऱ्हाणं

माणसं फुकट हसायला लागली की मला पहिल्यापासून संशय येतो. म्हणून तो अमेरिकन टीव्ही खोलीत आला त्याच दिवशी मी म्हटलं होतं, ही ब्याद होती तिथे नेऊन ठेव.

मी कुवेतमध्ये, मीना अब्दुल्लात कंत्राटावरचा इलेक्ट्रिशियन. माझ्या खोलीतला जोडीदार वेल्डर, माझ्या शेजारच्याच गावचा, नुकतं लग्न करून बायकोला गावी ठेवून आलेला. त्याने शुक्रवारच्या जुन्या बाजारातून पोटात कॅसेट घालायचा तो जाडजूड टीव्ही आणला, वर खोकंभर कॅसेटी. कुणा अमेरिकन कुटुंबाने नव्वदच्या दशकात घरी रेकॉर्ड करून ठेवलेल्या, जाहिरातींसकट. सेट एकशे दहा व्होल्टचा, इथली वीज दोनशे चाळीसची. ट्रान्सफॉर्मर मीच लावून दिला, नाहीतर त्याने तो तसाच भिंतीत खुपसला असता.

मग दर शुक्रवारी जेवणानंतर अमेरिका सुरू. केस फुगवलेल्या बायका टूथपेस्ट बघून आनंदाने वेड्या व्हायच्या. खून-खटला क्रिकेटच्या सामन्यासारखा दिवसभर चालायचा. राष्ट्राध्यक्षाच्या खाजगी भानगडींवर टाय लावलेली माणसं तावातावाने बोलायची. वेल्डरचा आवडता कार्यक्रम मात्र एकच. नवरा-बायको खुर्च्यांवर, समोर हॉलभर परकी माणसं, आणि माइक घेतलेला एक बाबा बायकोला विचारतोय, खरं काय ते सांग. ती रडायची, लोक ओरडायचे, की लगेच साबणाची जाहिरात.

"ह्या आपला गाऱ्हाणाच रे," तो म्हणायचा. आमच्याकडे देवळात चार लोकांसमोर घरचा तंटा देवाला सांगतात, तसं. मला काही ते पटेना. देवळात ऐकणारी माणसं दुसऱ्या दिवशी बांधावर भेटतात. ही हॉलातली कोण? भाड्याने आणलेली असणार.

पण त्याच्या डोक्यात भलतंच शिरलं. बायकोचा फोन रोज संध्याकाळी बिझी का लागतो? संशय मलाही येतो, उठता-बसता येतो, पण माझा तोंडापुरता. याचा पोटात गेला. त्याचं जेवण कमी झालं.

एका शुक्रवारी त्याने आम्हां तिघांना खाटांवर बसवलं. दोघे तर शेजारच्या खोलीतले. फोन उपड्या टोपावर ठेवून स्पीकर चालू केला. मला लाज वाटत होती, पण उठलो नाही. पुढे काय होतं ते मलाही ऐकायचं होतं.

"गे, खरा सांग," तो म्हणाला, "सांजचो तुझो फोन बिझी कसो?"

ती बोलायला लागणार, एवढ्यात शेजारच्या खोलीतला एक जण शिंकला.

 मग ती शांतपणे म्हणाली, "थंय कितके जण बसलेत?"

तो आमच्या तोंडांकडे बघायला लागला.

"माका विचारूचा आसा तर गावाक येवा. देवळात जावया. पण थंय तुमकाय उभा ऱ्हवचा लागतला." आणि तिने फोन ठेवला.

आमच्यापैकी कुणी ओरडलं नाही. जाहिरातही लागली नाही. शिंकणारा चप्पल शोधायला लागला. वेल्डरने परत परत फोन लावला, तिने उचलला नाही. तो आठवडा त्याने कसा काढला ते मी पाहिलंय, शत्रूवरही तशी पाळी येऊ नये. शेवटी तिने उचलला तेव्हा तो जिन्यात जाऊन बोलला. बिझी फोनचं कारण त्याने आम्हाला सांगितलं नाही, आणि मी, असा संशयी माणूस, विचारलं नाही. टीव्ही त्याने बाजारात परत टाकला.

प्रकरण मिटलं असं मला वाटलं. पण शेजारची दोन गावं म्हणजे बायकांना एका हाकेचं अंतर. मी घरी फोन लावला. बायकोचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, जेवल्यात काय. त्या दिवशी तो प्रश्न आलाच नाही.

ती म्हणाली, "स्पीकर घातल्यात काय?"

"नाय गे. मी एकटोच आसंय."

ती थोडा वेळ माझ्या खोलीचा कानोसा घेत राहिली. मग जेवणाचं विचारलं.

आता मी फोन करायला गेटबाहेर, उन्हात एकटा जाऊन उभा राहतो. तरी ती आधी तेच विचारते.