खरी मागणी

सातपूरच्या आमच्या कारखान्यात पंपांच्या मोटारी बनायच्या. महिन्याला किती बनवायच्या आणि त्यासाठी कुठून काय मागवायचं, हे ठरवणारी तिथली मी पहिली बाई. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. साहेबांनी मला टायपिंगवरून उचलून त्या खुर्चीवर बसवलं, तेव्हाच बजावलं होतं की एक दिवस जरी काम थांबलं तरी पुन्हा टायपिंगला. मी मनात म्हटलं, बघूच.

तिथली रीत अजब होती. मोटारीच्या मधले फिरणारे दांडे, म्हणजे शाफ्ट, शंभर हवे असले की दोनशे मागायचे, कारण लेथवर ते कातून देणारा सिन्नरचा लेथवाला निम्मेच देतो. तो निम्मेच द्यायचा, कारण आम्ही दुप्पट मागतो हे त्याला ठाऊक. सगळेच शहाणे! कुठलं माप खरंच लागेल हा त्याचा अंदाज चुकला की नको त्या मापाचे शाफ्ट आवारात गंजत पडायचे आणि हव्या त्या मापाचा एक मिळायचा नाही.

मी एस.टी.नं सिन्नर गाठलं आणि त्या लेथवाल्या मालकांना सरळ सांगितलं, यापुढे लागतील तेवढेच मागेन, कुठलं माप आधी हवं तेही कळवीन. तुम्हीही जमेल तेवढंच कबूल करा. ते नुसते हसले, चहा पाजला. साहेब मात्र भडकले. खरा आकडा पाठवलात तर त्याच्याही निम्मंच येईल, म्हणाले. मी आकडा बदलला नाही. मुळात मी हेकट.

महिना अर्धा झाला आणि मालक स्वतःच दारात हजर. त्यांचा एक लेथ बंद पडला होता. पुढच्या आठवड्यात मोठ्या मापाचे शाफ्ट निम्मेच येणार होते. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला टाइपरायटरच दिसायला लागला. पण मला हसू येत होतं. आजवर माल कमी आहे हे ट्रक रिकामा झाल्यावर कळायचं. या वेळी आठवडाभर आधी कळलं होतं. छोट्या मापाचा माल आलेला होता. मी छोट्या मोटारी आधी घ्यायला लावल्या आणि ओतकामवाल्यांना मोठ्या मोटारींची कव्हरं थांबवायला कळवलं. काम तासभरही थांबलं नाही. मला अभिमान वाटला, आजही वाटतो, आणि तो मी लपवत नाही.

राहिलेले शाफ्ट घेऊन मालक आले, तेव्हा मी विचारलं, इतकी वर्षं असं आधी का नाही कळवलंत?

"कळवून काय उपेग व्हता, ताई?" ते म्हणाले. "आमी खरं सांगितलं, तरी तुमचे साहेब त्याचं बी निम्मंच धरायचे."

साहेब शेजारीच उभे होते. त्या दिवसानंतर माझ्या आकड्याला त्यांनी कधी हरकत घेतली नाही.