सोमवारचा मिस्ड कॉल

दादाने घर सोडलं ते बेल्ह्याच्या बाजारातून. खोंडं असल्यापासून त्याने हाताने वाढवलेली बैलजोडी वडिलांनी त्या सोमवारी त्याला न विचारता विकली. आमच्या निमगाव सावात तोवर घरोघर ट्रॅक्टर आले होते, बैल पोसणं परवडत नव्हतं. वडिलांचा हिशेब चुकला असं मी आजही म्हणणार नाही, पण तरण्या पोराला एका शब्दाने विचारायला काय जात होतं? दादा बैलांच्या मागोमाग टेम्पोपर्यंत गेला, व्यापाऱ्याने कासरा हातातून घेतल्यावर त्याच टेम्पोत चढला आणि घरी आला नाही. पुढे तो कुठल्याशा ट्रकवर ड्रायव्हर झाल्याचं कळलं. बापलेक एकाच मातीचे. आधी कोण बोलणार, एवढ्यावरच दोघांनी वर्षं घालवली.

त्याने आईशी मात्र संबंध ठेवला, तोही मिस्ड कॉलने. दर सोमवारी दिवेलागणीला वडिलांच्या फोनची एक रिंग वाजायची आणि बंद व्हायची. तेव्हा मिनिटामिनिटाला पैसे पडत, त्यामुळे आमच्याकडे अर्धे निरोप मिस्ड कॉलवरच चालत. एसटीतून उतरलो, एक रिंग. मोटार चालू कर, दोन रिंगा. असा फोन उचलायचा नाही, हा सगळ्या गावाचा नियम. चुकून उचलला तर समोरचा शिव्या घालायचा. दादाच्या रिंगेचा अर्थ एवढाच, की मी धड आहे. आई हात जोडायची आणि चुलीकडे वळायची. वडील ऐकून न ऐकल्यासारखं करायचे, पण सोमवारी संध्याकाळी फोन चार्जिंगला लावायला ते कधी विसरले नाहीत.

उलट फोन करून उपयोग नसायचा. मोबाइल कंपन्यांची तेव्हा अशी चढाओढ लागली होती की आळेफाट्याला एकीची छत्री, नारायणगावला दुसरीची, छत्रीखाली टेबल आणि टेबलावर फुकट सिमकार्डं. ड्रायव्हर मंडळी एक कार्ड घ्यायची, त्यावरचा फुकट टॉकटाइम संपला की फेकून दुसरं घ्यायची. दादाचा नंबर म्हणजे आज एक, उद्या भलताच. त्याला मात्र आमचा एकच नंबर तोंडपाठ होता.

वडील वारले त्याच्या दुसऱ्या दिवशी सोमवार होता. रिंग वाजली आणि आईने फोन उचलला. बोलली काहीच नाही, नुसती रडली. दादा समजला. दहाव्याला तो नदीवर आला, विधी केले आणि घाटावरूनच परत फिरला. मी पदर पसरला तेव्हा म्हणाला, "ज्या घरात मला इचारत न्हाईत, त्या घरात आता कुनाला भेटू?" आई आहे की, असं मी म्हणाले. त्याने खाली मान घातली आणि गेला. मला त्याचा असा राग आला होता, की महिनाभर मी त्याचं नाव काढलं नाही. आईसाठीची सोमवारची रिंग मात्र चालूच राहिली.

मग ती नवी कंपनी आली. बोलणं फुकट, इंटरनेट फुकट. निरगुडसरला, माझ्या सासरी, पोरं रांगा लावून सिम घेऊन आली. दोन वर्षांत जुन्या कंपन्यांचे धाबे दणाणले. कुणी गाशा गुंडाळला, कुणी एकमेकींत मिसळल्या. आमच्या जुन्या कंपनीने माहेरच्या गावातला टॉवर बंद केला. आईच्या फोनवरच्या रेंजच्या काड्या गेल्या त्या गेल्याच.

मी आईला घेऊन नारायणगावला मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार जैन समाजातला, मूळचा मारवाडातला, पण मराठी आमच्याहून गोड. म्हणाला, "नंबर तोच ठेवून नव्या कंपनीत जाता येतं, ताई. नाव कुणाचं?" नाव वडिलांचं. आणि आता नावावरच्या माणसाचा अंगठा मशीनवर लागतो. आईने आपला अंगठा पुढे केला. तो नाही चालत म्हटल्यावर तिने विचारलं, "मी त्यांची बायको न्हवं का?" दुकानदाराने बरीच खटपट केली, दोन ठिकाणी फोनही लावले, पण नंबर काही सुटला नाही. शेवटी आईसाठी नवा नंबर घेतला. जगाला तो आनंदाने सांगितला. ज्याला सांगायचा, त्याचा पत्ता कुठे होता?

आईने जुना फोन टाकला नाही. सोमवारी तो चार्जिंगला लावून समोर घेऊन बसायची. मी म्हणायचे, आई, त्यात आता काही येणार नाही. ती म्हणायची, "मला ठाव हाय. पर सवय हाय." आता तर तासभर बोललं तरी कुणाचं काही जात नव्हतं. सगळं गाव कानाला फोन लावून फिरत होतं आणि माझी आई एका रिंगेला महाग झाली होती. मला त्या नव्या कंपनीचा, त्या फुकटच्या बोलण्याचा, सगळ्याचाच संताप यायचा.

मीही अधूनमधून जुना नंबर लावून बघायचे. बंद आहे, एवढंच ऐकू यायचं. दादालाही तेच येत असणार. पण आमच्याकडे बंद फोन म्हणजे रेंज नाही, असंच माणूस धरून चालतं. त्याने घाबरायचं कारण नव्हतं.

एका बुधवारी मात्र रिंग गेली आणि एका पुरुषाने लगेच उचलला. जालन्याकडचा माणूस होता. बरेच दिवस बंद राहिलेला आमचा नंबर कंपनीने त्याला नव्याने दिला होता. मी धीर करून विचारलं, सोमवारी कुणाचा मिस्ड कॉल आला होता का?

"आला होता की. पहिल्याच रिंगला उचलला मी. बोलेनाच कुणी. आमची लेक मागं रडत होती, मलाच काय ऐकू येईना. मग कट झाला. फुकटच आहे म्हणून मी परत लावला, तर दुसऱ्यानंच घेतला. म्हणाला, फोन माझा आहे, मागून घेऊन लावणारा ड्रायव्हर गाडी इथंच सोडून गेला."

उचललेला फोन आणि मागे रडणं. आमच्या घरात त्याचा एकच अर्थ होता, आणि दादाने तोच घेतला असणार.

मी जालन्याच्या माणसाकडून तो नंबर मागून घेतला, लावला. दादाला कुठे गाठायचं हे त्या फोनच्या मालकालाही माहीत नव्हतं. नवऱ्याला मोटरसायकल काढायला लावली आणि तशीच माहेरी निघाले. वाटेत ठरवत होते, आईला सांगायचं कसं? तुझा मुलगा तुला मेलेली समजून कुठेतरी रडतो आहे, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? शेवटी काहीच सांगितलं नाही. उगाच आले म्हटलं आणि अंगणात तिच्याजवळ मेथीच्या जुड्या बांधायला बसले.

ऊन कलायच्या आत फाटकाची कडी वाजली. दादा आत आला. वाळून मूठभर झाला होता. डोक्यावर केस नव्हते, मिशी नव्हती. अग्नी देणं तर हुकलंच असेल, निदान आपलं कर्तव्य तरी करावं, म्हणून वाटेत नदीवर न्हाव्यासमोर बसून आला होता. आईला बघून तो होता तिथेच थांबला.

आईने हातातली जुडी खाली ठेवली. आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग त्या तुळतुळीत डोक्याकडे.

"आरं, कोन गेलं रं?"

दादा तिच्या पायाशी खाली बसला आणि लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. आई माझ्याकडे बघत राहिली. मीही रडत होते. मग तिचं तिलाच उमगलं. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"मी गेले व्हय?" ती म्हणाली. "बरं झालं गेले. जित्तेपनी कुठं आला असतास?"