दूर्वा आणि जिभेखालची गोळी

तीर्थाची पळी समोर आली की काकू उजव्या हाताची तर्जनी वर करीत. ओठ घट्ट मिटलेले, दृष्टी गजाननाकडे. गवताच्या परागांच्या अ‍ॅलर्जीवरची गोळी त्यांच्या जिभेखाली असे, आणि ती विरघळल्यावरही पाच मिनिटे पाण्याचा थेंब घ्यायचा नाही, अशी डॉक्टरांची आज्ञा होती. मी थांबत असे. मग त्या म्हणत, “हं, द्या आता, गुरुजी. बाप्पाला कुठे ट्रेन पकडायची आहे?”

मल्हारगंजातील आमच्या गल्लीच्या देवळात दूर्वांच्या जुड्या बांधण्याची सेवा त्यांच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वाचकहो, दैवगती पाहा: ज्या दूर्वांनी विघ्नहर्त्याचा दाह शमवला असे पुराणे सांगतात, त्याच गवताच्या तुऱ्यांनी काकूंचा श्वास कोंडे. सेवा सुटू नये, एवढ्यासाठी त्यांनी ती गोळी धरली होती.

पहिली गोळी त्यांनी डॉक्टरांसमोर घेतली आणि अर्धा तास तिथेच बसून राहिल्या. गोळीला हात लावला की हात धूत. दम लागला असेल त्या दिवशी गोळी नाही. बटव्यात तातडीचे इंजेक्शन सदैव. शेजारचा नमकीनवाला छेडे, “काकूजी, मौनव्रत आहे का?” तोंड मोकळे झाले की उत्तर मिळे, “व्रतच समज, भिया.”

त्या व्रतानेच घात केला.

एका सकाळी त्या सुजलेल्या गालाने आल्या. आदल्या दिवशी दाढ काढली होती. सून म्हणाली, “आई, डॉक्टरसाहेब बोलले होते ना, तोंडात जखम असली तर गोळी बंद? आधी फोन करू.”

“दाढ दुखते म्हणून एकादशी सोडतात का?” असे म्हणून काकूंनी गोळी जिभेखाली ठेवलीच.

आरती संपली. मी तीर्थ घेऊन पुढे झालो. काकूंनी बोट वर केले. आम्ही सारे नेहमीप्रमाणे थांबलो. बोट खाली येईना.

“आज जास्तच लंबं मौन आहे,” नमकीनवाला हसला.

तोच माझी दृष्टी त्यांच्या डाव्या हातावर गेली. त्याने गळा धरला होता. ओठ फुगले होते, श्वासासरशी शिट्टी वाजत होती. त्या बोटाने त्या आम्हाला बोलावत होत्या!

“सूनबाई, इंजेक्शन!” मी ओरडलो. तिने बटवा उपडा केला आणि लुगड्यावरूनच मांडीत सुई रोवली. “गाडी काढा, भिया, जल्दी!” ती नमकीनवाल्याला म्हणाली.

हळूहळू श्वास मोकळा झाला. काकू पुटपुटल्या, “आता बरं आहे गं.”

“गप्प बसा, आई. परत उलटू शकतं. दवाखान्यात जायचंच.”

मी गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून राहिलो. जन्मभराचा जप, पण ओठांवर येईना. सायंकाळी त्या धोक्याबाहेर असल्याचा निरोप आला, तेव्हा कुठे हातातली पळी मी खाली ठेवली.

डॉक्टरांनी गोळी कायमची बंद केली आणि दूर्वाही. जुड्या सून बांधू लागली. काकू समोरच्या ओट्यावर नाकाला पदर लावून बसत आणि तेच बोट उचलून ओरडत, “अगं, ती जुडी सैल आहे! बाप्पाच्या डोक्यावरून घसरेल!”

गेल्या हिवाळ्यात त्या वार्धक्याने, शांतपणे गेल्या. तीर्थ देताना देवळातील त्यांच्या जागेपाशी माझा हात अजूनही थांबतो. सूनही खाली पाहत उभी राहते. मग तळहात पुढे करून हळूच म्हणते, “हं, द्या आता, गुरुजी.”