मोकळी गाठ

बूढापारा मोहल्ल्यातल्या आमच्या शेजारच्या काकू कशालाही आधी ‘हव’ म्हणतात आणि मग आपल्याच मनाचं करतात. गल्लीतली सहा पोट्टी म्युझियमला नेणार असं त्यांनी म्हटल्यावर मी, शाळेतला शिक्षक, म्हणालो, “एकटीनं जमत नाही, काकू.”

“हव,” म्हणाल्या, आणि जुन्या साडीला गाठी मारत बसल्या. प्रत्येक पोट्ट्याला धरायला एक, वर सातवी मोकळी.

काकू म्युझियमला गेल्या त्या दिवशी आम्ही तिघे शिक्षकही वर्ग घेऊन तिथंच होतो. मूर्तींच्या दालनात आमच्या वर्गातलं एक पोरगं दिसेना. मी पोरं पुन्हा पुन्हा मोजली. तेवढ्यात जिन्यावरून काकूंची गाठींची साडी पोट्ट्यांसकट खाली आली. सातव्या गाठीला आमचं पोरगं, हसत!

“रडून राहिला होता. गाठ मोकळी होती, देली त्याले,” काकू म्हणाल्या. “टोक उरलं, गुरुजी. तुम्ही धरता?”

“हव,” मी म्हणालो.