बडनेऱ्याला उतरणारा माणूस

दर गुरुवारी सकाळी नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये चंद्रभान तायडे अकोल्याला चढे आणि मांडीवर पत्र्याची पेटी घेऊन खिडकीशी बसे. पेटीला गोधडी गुंडाळलेली आणि गोधडीवरून सुतळी आवळलेली. डब्यातल्या लोकांना वाटे, आत बाजाची पेटी आहे. एखादा म्हातारा आग्रह धरी, की रस्ता लांबचा आहे, एखादं भजन होऊन जाऊ द्या. चंद्रभान हसून सांगे, "हे गात नाई बुवा, हिशेब करते." मग म्हातारा पेटीकडे आणि चंद्रभानकडे आळीपाळीने बघे आणि थोडा सरकून बसे.

बडनेऱ्याला तो उतरे आणि अमरावतीची गाडी धरी. पॅसेंजर पुढे नागपूरला जाई.

केशवराव देशमुखांची एक जिनिंग फॅक्टरी अकोल्याला होती, दुसरी अमरावतीला, आणि हिशेबाचं मशीन दोन्हींत मिळून एकच. स्वीडन देशातून आलेलं, हाताने फिरवायचं. पुढच्या पत्र्यावर उभ्या फटी आणि फटींतून बाहेर आलेल्या बारीक खुंट्या. आकडा लावायचा, उजव्या बाजूचा दांडा फिरवायचा, की खालच्या खिडक्यांत उत्तर येई. भागाकाराची तर गंमतच होती. दांडा उलटा फिरवत जायचा. घंटी वाजली की समजायचं, एक फेरा जास्त झाला. मग एक फेरा सुलटा द्यायचा आणि पुढच्या घरात सरकायचं.

केशवरावांनी ते नागपूरच्या एका प्रदर्शनात पाहिलं आणि हौसेने आणलं. पहिलं वर्षभर ते अकोल्याच्या ऑफिसातल्या काचेच्या कपाटात होतं. पाहुणे आले की केशवराव बोटाने दाखवत, पाहुणे मान डोलावत. बाहेर काढून फिरवायची हिंमत कुणाची झाली नाही.

चंद्रभान त्या वेळी फाटकावर असे. कापसाने भरलेल्या बैलबंड्या येत, तो वजनाची पावती लिही. वलगावचा पोरगा, मॅट्रिक झालेला, इंग्रजी चांगलं. छप्पन साली नागपूरला बापाच्या खांद्याला खांदा लावून त्याने दीक्षा घेतली होती. ऑफिसात त्याला आत बोलावत ते इंग्रजी पत्र वाचायला, तेवढंच. एकदा असंच पत्र वाचायला आत आला असताना कपाटात मशीनखाली दडपलेली माहितीची पुस्तिका त्याला दिसली. ती त्याने मागून घेतली आणि फाटकावर बसून वाचली. पुढच्या आठवड्यात त्याने केशवरावांना विचारलं, मशीन पुसून ठेवू का? पुसता पुसता दांडा फिरवला. घंटी वाजली. केशवराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

त्या दिवसापासून चंद्रभान फाटकावरून ऑफिसात आला.

मशीनवर त्याचं प्रेम का बसलं, हे त्याने कुणाला सांगितलं नाही. बायको मैनाला मात्र ठाऊक होतं. बाजारात कापसाची हर्राशी, म्हणजे लिलाव, उघड्यावर होत असली, तरी सरकीचा आणि सरकीच्या ढेपेचा सौदा पेढीवर अजून रुमालाखालीच चाले. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे, एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा, तोंडाने हवापाण्याच्या गप्पा करायच्या. चंद्रभानला बाजार सगळ्या दलालांपेक्षा जास्त कळे. पण रुमालाखाली त्याचा हात कुणी धरला नसता. कुणी तसं म्हणालं नव्हतं. म्हणायची गरजच पडली नव्हती. मशीनचा दांडा कुणाच्या हाताने फिरतो हे मात्र मशीन विचारत नसे.

त्याची मतं त्यातून निघाली आणि ती तो दुपारच्या चहाला मोकळेपणाने मांडी. भाव खडूने पाटीवर लिहावा आणि पाटी फाटकावर टांगावी. टेलिफोनला कुलूप लावून किल्ली जानव्याला बांधायची असेल, तर टेलिफोन घेतला कशाला? एकच आकडा तीन वह्यांत तीन जण उतरवतात, त्यापेक्षा एकदाच लिहून खाली कार्बन घालावा. आणि मणा-शेरांना आता रामराम करावा. सरकारने किलो आणि क्विंटल आणले ते बरं केलं. दहाच्या पटीत सगळं मशीनमध्ये सरळ बसतं. मुंबईला म्हणे खोलीभर मोठं मशीन बसवलंय, विजेवर आपोआप हिशेब करतं, आपल्याकडेही येईल.

"खोलीभर?" दिवाणजी विचारत. "मंग मानसं कुठं बसतीन?"

दिवाणजी म्हणजे नत्थुजी. केशवरावांच्या वडिलांपासून पेढीवर होते आणि पावकी, निमकी, दिडकीचे पाढे त्यांच्या जिभेवर होते. चंद्रभानने मशीनवर काढलेलं वजन ते पुन्हा तोंडी करून बघत, आणि जमलं की मशीनकडे पाहून म्हणत, "बरोबर हाय गा तुह्यं." शाबासकी मशीनला असे. क्विंटलचे ते मण करत, मणांत ताळा घेत, आणि मणांचे पुन्हा क्विंटल. चंद्रभान डोक्याला हात लावी. पण दोघांत वैर नव्हतं. चंद्रभान गुरुवारी अमरावतीला गेला की नत्थुजींना करमत नसे.

अशी काही वर्षं गेली. मशीनला तेल द्यायला नागपूरच्या कंपनीचा माणूस येत असे. चंद्रभानची बोटं खुंट्यांवरून कशी चालतात, हे तो उभा राहून बघे. एका खेपेला त्याने विचारलंच. कंपनीला विदर्भात फिरून बँकांत, गिरण्यांत, कचेऱ्यांत मशीन शिकवणारा माणूस हवा होता. नागपूरला राहायचं. नवनवी मशीनं येतील, ती आधी हाताळायला मिळतील. अट एकच. मालकाची सोडल्याची चिठ्ठी हवी. केशवरावांसारखीच माणसं कंपनीचं गिऱ्हाईक. त्यांचा माणूस पळवला असं व्हायला नको.

चंद्रभान त्या रात्री मैनाशी बोलला नाही, इतका हरखला होता. सकाळी सांगितलं. मैनाने फक्त विचारलं, की नागपूरला नळाचं पाणी असते ना? फॅक्टरीच्या मागच्या चाळीत, सरकीच्या वासात, ती लग्नापासून राहत होती.

केशवरावांनी नाही म्हटलं नाही. माणूस वाईट नव्हताच. ते म्हणाले, "जाय ना बाप्पा, मी काय बांधून ठेवलं? पन तू गेल्यावर हे कोन फिरवीन? एकाले शिकव अन् जाय."

मग शिकवणं सुरू झालं. नत्थुजींनी पहिल्याच दिवशी हात जोडले. अमरावतीच्या फॅक्टरीत जानराव नावाचा कारकून होता, हुशार आणि चपळ हाताचा. त्याला शिकवायचं ठरलं. दर गुरुवारी चंद्रभान पेटी उघडे आणि जानराव समोर बसे. पण जानरावाच्या बोटांना काही केल्या खुंट्या सापडत नसत. गुणाकार करताना घर सरकवायचं विसरे, घंटी वाजली की दचकल्यासारखं करी. चंद्रभान दोन फेरे धीर धरी आणि तिसऱ्याला दांडा आपल्या हातात घेई. "असं नाई, असं," म्हणत सगळा हिशेब स्वतःच करून मोकळा होई. जानराव मागे टेकून पान लावी.

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी चंद्रभान चिडला. म्हणाला, तुझ्यासारख्या माणसाला हे येत नाही यावर माझा विश्वास नाही.

जानरावाने दाराकडे पाहून घेतलं. "मले येते," तो हळूच म्हणाला. "पयल्याच दिवशी आलं. पन मी शिकलो असं मालकाले समजलं, तं ते पेटी माह्या मांडीवर येईन. मंग तू सुटला अन् मी अडकलो. माफ कर गा चंद्रभान, मले पोरंबाळं हायेत."

केशवरावांना सांगावं, तर जानराव त्यांच्यासमोर पुन्हा खुंट्या चुकवून दाखवणार. आणि खरं म्हणजे चंद्रभानला रागही आला नाही. स्वतः त्याने हे मशीन पुसायला मागून घेतलं होतं. त्याच्या मांडीवर ते कुणी ठेवलं नव्हतं.

दर दसऱ्याला तो आणि मैना नागपूरला दीक्षाभूमीवर जात. एरवी जाताना तो मशीन कुलूपबंद करून किल्ली सोबत नेई. त्या वर्षी त्याने किल्ली नत्थुजींच्या हातात दिली. आपल्यावाचूनही मशीनला कुणी हात लावू शकतं, हे केशवरावांना दिसावं, एवढाच हेतू. नागपूरला तो कंपनीच्या माणसालाही भेटला. तो म्हणाला, सोमवारपर्यंत चिठ्ठी घेऊन या. पुढे मला थांबता येणार नाही, दुसरा माणूस बघितलेला आहे.

परत आले तेव्हा ऑफिसात सुतकासारखी शांतता होती. नत्थुजी कोपऱ्यात बसले होते आणि चंद्रभानच्या नजरेला नजर देत नव्हते. खंडेनवमीला तराजू, वजनं, टेलिफोन असं सगळं पाटावर मांडून पूजा होई. या वर्षी किल्ली हातात होती म्हणून नत्थुजींनी मशीनही मांडलं. सालभर एवढं राबते, त्याची पूजा नको का, असं त्यांना मनापासून वाटलं. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, पाणी शिंपडलं, ओंजळभर अक्षता वाहिल्या. दसऱ्यानंतर केशवरावांनी पाहुण्यांसमोर दांडा फिरवायला घेतला, तर तो जागचा हलेना. जोर लावला. आत काहीतरी कटकन वाजलं आणि दांडा कायमचा बसला.

केशवराव वैतागलेले होते. पाहुण्यांसमोर फजिती झाली होती. ते म्हणाले, गेलं ते. हौस फिटली. नत्थुजी आहेत, पाढे आहेत, बापाच्या वेळी चाललं तसं चालेल. आणि त्याच वैतागात त्यांनी कागद ओढला, चिठ्ठी लिहिली, सही केली. चंद्रभानने ती वाचली. यंत्र बंद पडल्याने या माणसाची आता गरज उरलेली नाही, त्यास कोठेही नोकरी धरण्यास आमची हरकत नाही. त्याने ती घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली. संध्याकाळच्या गाडीने निघायचं होतं. मैनाने वळकटी बांधलीसुद्धा.

दुपारी तो ऑफिसात नत्थुजींचा निरोप घ्यायला गेला. मशीन पाटावरच होतं. खुंट्यांच्या मुळाशी कुंकवाचा चिखल वाळला होता. नत्थुजी म्हणाले, "माह्या हातानं मेलं रे हे." डोळ्यांत पाणी होतं.

"मेलं नसन दिवाणजी. पायतो," चंद्रभान म्हणाला.

फक्त बघायचं, असंच त्याने ठरवलं होतं. चार स्क्रू काढून वरचा पत्रा उचलला. आत चाकांच्या ओळीत एक तांदूळ. पाण्याने फुगलेला, कुंकवाने लाल, दोन चाकांच्या मधोमध बसलेला. तो तिथे दिसत असताना पत्रा परत लावून टाकणं चंद्रभानला जमणारं नव्हतं. त्याने नत्थुजींकडून गोणी शिवायचा दाभण मागून घेतला, दाणा अलगद उचकटला. तो निघाल्यावर फटींतले बाकीचेही काढले. कापसाचा बोळा रॉकेलमध्ये बुडवून चाकं पुसली. एक बारीक स्प्रिंग जागेवरून सुटली होती, ती बसवली. हात चालत होता आणि वेळेचं भान नव्हतं. मग पत्रा लावला, खुंट्यांवर एक आकडा मांडला आणि सवयीने दांडा उलटा फिरवला.

घंटी वाजली.

आतल्या खोलीत केशवराव पडले होते. ते बाहेर आले. मशीनकडे पाहिलं, नत्थुजींकडे पाहिलं, मग चंद्रभानकडे. चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. त्यांनी स्वतः एकदा दांडा फिरवून पाहिला. मग खुर्ची ओढून बसले.

"चिठ्ठीत म्या काय लिवलं, चंद्रभान?"

चंद्रभानने सदऱ्याचा खिसा चाचपला.

"यंत्र बंद पडल्यानं, असं लिवलं ना? मंग आता ते बंद हाय का?" आवाज चढा नव्हता. "तूच सांगत असते का कागदावर खोटं नसावं, भाव पाटीवर असावा. मी काय सांगू तुले?"

आणि त्यांनी हात पुढे केला.

चिठ्ठी खिशात होती, दार उघडं होतं, गाडीला अजून अवकाश होता. चंद्रभान निघून गेला असता, तर केशवरावांनी काही धावत येऊन धरलं नसतं. पण चिठ्ठीतलं वाक्य आता खरं राहिलं नव्हतं, आणि ते खोटं त्याच्याच हाताने झालं होतं. त्याने चिठ्ठी काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. केशवरावांची बोटं त्याच्या बोटांना लागली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"हंगाम निघून जाऊ दे," ते म्हणाले. "मंग पाहू."

घरी मैना वळकटीवर बसलेली होती. त्याच्या हाताला रॉकेलचा वास आला तेव्हाच तिला कळलं. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "तो दाना तसाच राहू दिला असता तं?"

"मंग झोप आली नसती मले."

"अन् आता येईन?" ती म्हणाली, आणि वळकटीची दोरी सोडायला लागली.

कंपनीने सोमवारनंतर दुसरा माणूस घेतला. हंगाम निघून गेला आणि दुसरा लागला. केशवरावांनी चंद्रभानला चाळीतली पुढची, उजेडाची खोली दिली. पुढच्या दसऱ्याला नत्थुजींनी मशीनला फक्त एक झेंडूचं फूल ठेवलं, तेही पेटीच्या बाहेरून. भाव मात्र पाटीवर कधी आला नाही.

चंद्रभान दुपारच्या चहाला आपली मतं मांडी, पण पूर्वीइतकी लांबवीत नसे. गुरुवार आला की गोधडी गुंडाळी, सुतळी आवळी आणि पॅसेंजर पकडी. बडनेरा जवळ आलं की डब्यातले लोक सामान सावरत, कुणी विचारी, "तुमी नागपूरलेच का?" तो नाही म्हणे. पेटी छातीशी धरून फलाटावर उतरे आणि पॅसेंजर हलेपर्यंत तिथेच उभा राही. शेवटचा डबा पुढे गेला की पूल चढून पलीकडे अमरावतीच्या गाडीत बसे आणि पेटी पुन्हा मांडीवर घेई.